‘बायबलमध्येच लिहिलंय’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

आपल्या सीमाभागातल्या फोनांवर एक संदेश फिरतो आहे. बेळगावात गल्लीच्या ग्रुपवर येतो, खानापूरच्या नातेवाइकांकडून येतो, निपाणी-चिक्कोडीकडच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही मी तो पाहिला आहे. कधी मराठीत असतो, कधी कन्नडमध्ये. मजकूर थोडक्यात असा: “बायबलमध्येच लिहिलंय. येशू म्हणतो, मी शांती नाही, तलवार आणलीय. मला राजा न मानणाऱ्यांना माझ्यासमोर ठार करा. आईबापांचा द्वेष करा. बाईने गप्प बसावं, शिकवू नये. दुसऱ्या देवाकडे नेणाऱ्या सख्ख्या भावालाही दगडांनी मारा. गुलामांनी मालकाचं ऐकावं. शब्द स्पष्ट आहेत, अर्थ एकच आहे. ख्रिस्ती लोक अडचणीत आले की अर्थ बदलतात.” खाली ‘सर्वांना पाठवा’.

मी बेळगावची, घरात मराठी बोलणारी, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतली बाई. रविवार शाळेत मुलांना बायबल शिकवते. २३ डिसेंबर २०२१ ला धर्मांतराविषयीचं विधेयक विधानसभेने इथल्याच सुवर्ण विधानसौधात मंजूर केलं, त्या दिवसांत हा संदेश माझ्याकडे यायला लागला आणि अजून थांबलेला नाही. पाठवणारे परके नाहीत. नाताळला माझ्या घरचा फराळ खाणारे आहेत, त्यांच्या गणपतीला मी जाते. म्हणून राग न धरता, पण कुठलीही वाक्यं न टाळता उत्तर द्यायचं आहे. ही वचनं पुस्तकात आहेत. ‘असं काही लिहिलेलंच नाही’ असं सांगून सुटका करून घेणारे आमच्यातले लोक मला पटत नाहीत.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळा संदेश त्याच्यावर उभा आहे. अर्थ एकच असतो, असं निदान बेळगावकरांनी तरी म्हणू नये. लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं आणि एप्रिल १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग याच गावात स्थापन केली. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी याच गावात काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आयुष्यात तेवढं एकदाच. दोघांच्या हातात गीता तीच. ‘म्हणून युद्धाला उभा राहा’ हे कृष्णाचं सांगणं दोघांनी वाचलं. टिळकांनी त्यातून कर्मयोग मांडला, जगात उतरून अन्यायाशी झुंजणं हे कर्तव्य मानलं. गांधींनी कुरुक्षेत्र माणसाच्या मनातच आहे असं म्हटलं आणि त्याच पुस्तकावर अहिंसा उभी केली. त्यांच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी ज्ञानदेवांनी त्याच श्लोकांतून भक्तीचा मळा फुलवला होता. यातल्या कोणी सोयीसाठी अर्थ फिरवला असं आपण म्हणत नाही. मोठं पुस्तक असंच वाचलं जातं, हे आपण गृहीत धरतो.

तुकोबांची ‘नाठाळाचे काठी देऊ माथां’ एवढीच ओळ उचलून वारकरी डोकी फोडायला शिकवतात असं कोणी पसरवलं, तर खानापूर तालुक्यातून पंढरीला चालत जाणारा माळकरी काय म्हणेल? आधीची ओळ वाच, अख्खा अभंग वाच, आणि तुकोबा जगले कसे ते बघ. बायबलसाठी मी यापेक्षा जास्त काही मागत नाही.

आता तलवार. बायबलमध्ये येशूची चरित्रं लिहिणारे मत्तय, मार्क, लूक असे लेखक आहेत. त्यातल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू बारा शिष्यांना गावोगाव पाठवतो आहे. ‘लांडग्यांमध्ये मेंढरं पाठवावी तसं मी तुम्हाला पाठवतो’, असं तो सोळाव्या वचनात म्हणतो. तुम्हाला पकडतील, फटके मारतील, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असंही सांगतो. चौतिसाव्या वचनातली तलवार या बोलण्यात येते, आणि लगेच पुढची वाक्यं मुलगा विरुद्ध बाप, सून विरुद्ध सासू अशी आहेत. ती मीखा या जुन्या संदेष्ट्याची आहेत. म्हणजे माझ्यामागे आलात तर घरातच फूट पडेल आणि वार तुमच्यावर होतील, हा इशारा आहे. लूकने हेच बोलणं नोंदवताना तलवारीचं नाव न घेता सरळ फूटच म्हटलं आहे. आणि ज्या रात्री शिष्याने खरी तलवार उपसली, त्या रात्री येशूने ती म्यान करायला लावली. तलवार धरणारे तलवारीनेच मरतात, असं बजावलं, आणि तुटलेला कान बरा केला.

इथेही सगळे ख्रिस्ती एकमताचे नाहीत. मेनोनाइट आणि क्वेकर या शांततावादी पंथांचे लोक यावरून सैन्यात जाणंच नाकारत आले. दुसरे म्हणतात, लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशूच अंगरखा विकून तलवार घ्या म्हणतो, म्हणून स्वसंरक्षणाला आडकाठी नाही. त्यावर पहिले विचारतात की मग शिष्यांनी दोनच तलवारी दाखवल्यावर ‘पुरे’ का म्हणाला. हा वाद जुना आहे आणि अजून चालू आहे. पण धर्म पसरवायला तलवार चालवा हा अर्थ त्या पानावर कुठे बसतच नाही.

तरी ख्रिस्ती सत्तांनी बळजबरी केली. हे मला लपवायचं नाही, आणि आपल्यापासून ते दूरही घडलेलं नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तिथे १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होती. बळजबरीला आधार म्हणून युरोपात शतकानुशतकं जे वचन पुढे केलं गेलं, ते मात्र तलवारीचं नव्हतं. ते मेजवानीच्या दाखल्यातलं होतं: घरधनी चाकराला म्हणतो, रस्त्यावरच्या लोकांना आग्रह करून आत आण. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन या बिशपने या आग्रहाचा अर्थ सक्ती असा घेतला आणि उत्तर आफ्रिकेतल्या विरोधी ख्रिस्ती पंथावर सरकारी बळ वापरणं योग्य ठरवलं. ज्या दाखल्यात भिकारी आणि पांगळे जेवायला बोलावले जातात, त्यातून एवढ्या मोठ्या माणसाने दंडुका काढला. वचनाचा अर्थ लावणारा त्या अर्थाला जबाबदार असतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. गोव्याच्या त्या अडीच शतकांचं समर्थन मी कुणासमोरही करणार नाही.

संदेशातलं सगळ्यात भयंकर वाक्य लूक १९:२७ चं आहे. ‘मी त्यांचा राजा व्हावं असं ज्यांना वाटत नव्हतं, त्या माझ्या वैऱ्यांना इथे आणा आणि माझ्यासमोर ठार करा.’ संदेशात ‘येशू म्हणतो’ असं लिहिलं आहे. येशू एक गोष्ट सांगतो आहे, आणि हे वाक्य त्या गोष्टीतल्या राजाच्या तोंडी आहे. एवढं सांगून बरेच जण थांबतात. मी थांबणार नाही, कारण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: गोष्टीतला तो राजा कोण?

गोष्ट यरीहो गावात सांगितली आहे, जकातदार जक्कयच्या घरच्या प्रसंगानंतर. एक खानदानी माणूस राज्यपद मिळवायला दूर देशी जातो. जाताना दहा चाकरांना एकेक मोहर देतो. त्याचे लोक त्याचा द्वेष करतात आणि ‘हा आम्हाला राजा नको’ म्हणून मागोमाग शिष्टमंडळ पाठवतात. तो राज्य घेऊन परत येतो, चाकरांचा हिशेब घेतो, आणि विरोधकांना कापायला सांगतो. हे ऐकणाऱ्यांना घडलेलं प्रकरण आठवलं असणार. मोठा हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला, तेव्हा त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य मागायला रोमला गेला. निघण्याआधीच्या वल्हांडण सणात त्याच्या सैनिकांनी यरुशलेमेत सुमारे ३००० माणसं मारली होती. तो नको म्हणून सांगायला ५० यहुद्यांचं शिष्टमंडळ त्याच्या पाठोपाठ रोमला पोचलं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने हे सगळं लिहून ठेवलं आहे. याच अर्खेलावाने यरीहोतला राजवाडा नव्याने बांधला होता, आणि गोष्ट सांगितली जाते आहे त्याच यरीहोत.

इथून वाचणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या होतात. चर्चचं जुनं आणि अजूनही बहुतेकांचं वाचन असं: राजा म्हणजे येशू, दूर देश म्हणजे स्वर्ग, परत येणं म्हणजे शेवटचा न्याय. त्या वाचनातही न्याय देव करतो. अनुयायांच्या हातात कुणी सुरी दिलेली नाही. पण याच वाचनाने एक पाप केलं. वैरी म्हणजे यहुदी, आणि इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम जाळलं ती त्यांची शिक्षा, असं शिकवलं गेलं, आणि त्या शिकवणुकीचा जाच यहुद्यांनी शेकडो वर्षं सोसला. अलीकडचे काही अभ्यासक उलट बाजूने वाचतात. त्यांच्या मते हा राजा देव नाहीच, तो अर्खेलावासारखा जुलमी आहे. जगातली राज्यं अशी रक्त सांडून येतात, आणि येशू आपलं राज्य त्यांच्या उलट म्हणून मांडतो आहे. मोहर रुमालात बांधून ठेवणारा तिसरा चाकर तोंडावर सांगतो की तू ठेवलं नाहीस ते उचलतोस, पेरलं नाहीस ते कापतोस. पहिल्या वाचनात तो आळशी आहे. या वाचनात खरं बोलायची हिंमत असलेला तो एकटाच.

मला दुसरं वाचन जवळचं वाटतं, आणि त्याचं कारण पुढच्याच ओळींत आहे. गोष्ट संपते आणि येशू यरुशलेमेकडे चालू लागतो, गाढवाच्या शिंगरावर बसून. शहर दिसताच तो त्याच्यासाठी रडतो. थोडं मागे, नवव्या अध्यायात, शोमरोन प्रांतातल्या एका गावाने त्याला थारा दिला नाही, तेव्हा शिष्य म्हणाले, आकाशातून आग पाडून यांना जाळू का? त्याने शिष्यांनाच दटावलं आणि ते दुसऱ्या गावी गेले. नको म्हणणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे त्याने स्वतः करून दाखवलेलं आहे.

आईबापांच्या द्वेषाचं वचन लूकच्या चौदाव्या अध्यायातलं. मत्तयात तेच बोलणं ‘माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रेम करणारा’ असं आलं आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू धर्मपंडितांना झोडपतो, कारण ते देवाला वाहिलं म्हणून सांगून आईबापांना सांभाळायचं टाळत होते. क्रूसावर असताना तो आईची सोय एका शिष्याकडे लावतो. या पुस्तकात आईबापांशी वैर सांगितलेलं नाही. पण देव की घर अशी निवड करायची वेळ आली तर घर दुखावतं, आणि संदेश पाठवणाऱ्यांची ही जखम मला कळते. १९ व्या शतकातल्या मराठी ख्रिस्त्यांना ती चांगली ठाऊक होती. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी जन्माने बेळगावचे, आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परतल्या, आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, पण मधल्या काळातलं रडणं त्यांनी लपवलं नाही. ते वचन आदेश म्हणून वाचलं तर क्रूर वाटतं. पुढे काय सोसावं लागेल याची आगाऊ सूचना म्हणून वाचलं तर ते अशा घरांचं वर्णन आहे.

‘बाईने गप्प बसावं’ या मुद्द्यावर मात्र माझं भांडण संदेशाइतकंच माझ्या स्वतःच्या माणसांशी आहे. वचनं दोन आहेत, दोन्ही येशूनंतरचा प्रचारक पौल याच्या नावावरच्या पत्रांत: करिंथकरांस पहिल्या पत्रात अध्याय १४, आणि तीमथ्याला पहिल्या पत्रात अध्याय २. दुसऱ्यात तर स्त्रीने शिकवू नये, कारण आधी आदाम घडवला गेला, असं कारणही दिलं आहे. संदेशात नसलेली गोष्ट अशी की याच करिंथच्या पत्रात, तीन अध्याय आधी, बाया सभेत प्रार्थना करतात आणि देवाचा संदेश सांगतात हे पौलाने गृहीत धरलं आहे. डोक्यावर पदर घ्या, एवढंच तो सांगतो. मग गप्प राहा कुठून आलं? काही जुन्या हस्तलिखितांत ही गप्प बसण्याची दोन वचनं चौदाव्या अध्यायाच्या अगदी शेवटी सापडतात. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की ती कुणीतरी कडेला लिहिली होती आणि पुढे मजकुरात शिरली. तीमथ्याचं पत्र पौलाने स्वतः लिहिलेलं नाही, नंतरच्या पिढीचं आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. आणखी काहींचं म्हणणं, ते तीमथ्य जिथे होता त्या इफिसच्या मंडळीतल्या त्या वेळच्या गोंधळापुरतं होतं. आणि असेही पुष्कळ आहेत, माझ्या ओळखीत आहेत, जे म्हणतात की नाही, ही कायमची व्यवस्था आहे. कॅथलिक चर्चने स्त्रियांना धर्मगुरू करता येणार नाही हे १९९४ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी १९५६ मध्ये स्त्री-पाळकांना पूर्ण हक्क दिले. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. पुस्तक सगळ्यांचं एकच.

मला याचं उत्तर रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात सापडतं. तिथे पौल फीबीची शिफारस करतो, प्रिस्किल्लाला सहकारी म्हणतो. या प्रिस्किल्लाने आणि तिच्या नवऱ्याने अपुल्लोस नावाच्या विद्वानाला घरी नेऊन शिकवलं, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पुनरुत्थानाची बातमी पुरुष शिष्यांना सांगायला येशूने पहिल्यांदा पाठवलं ते मग्दालीया मरीयेला. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर सांगायला काही उरलं नसतं.

आणि आपल्या भाषेत हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्यानेच लढवला. जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्याच रानातला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही असा प्रश्न निघाला, आणि हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी नको म्हटलं. रमाबाईंनी कळवलं की माझ्या बापाने आणि नवऱ्याने अशा शिकवण्याला कधी हरकत घेतली नव्हती. ज्या चर्चमध्ये त्या नुकत्याच आल्या होत्या, त्या चर्चच्या बिशपांना हे ऐकावं लागलं. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत ते काम चालू होतं. ‘बाईने शिकवू नये’ हे वचनसुद्धा एका बाईने मराठीत शिकवलं आहे. हे मी रविवार शाळेतल्या मुलींना दरवर्षी सांगते आणि सांगत राहणार.

दगडांनी मारण्याच्या वचनांवर माझ्याकडे इतकं सोपं उत्तर नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दुसऱ्या देवांकडे नेणाऱ्या भावाला, मुलाला, बायकोला ठार करा असं आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अमालेकी लोकांची तान्ही मुलंसुद्धा मारा असं आहे. हे वाचून पोटात गोळा येत नसेल तर नीट वाचलेलं नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाला ते इतकं असह्य झालं की त्याने अख्खा जुना करारच, म्हणजे बायबलचा यहुद्यांकडून आलेला पहिला भाग, टाकून द्या म्हटलं. रोमच्या मंडळीने १४४ साली त्यालाच बाहेर काढलं, पुस्तक ठेवलं, आणि त्याबरोबर हा प्रश्नही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या लढाया माणसाच्या आतल्या पापांशी होणाऱ्या लढाया म्हणून वाचल्या. वर गांधींच्या कुरुक्षेत्राबद्दल लिहिलं ते इथे पुन्हा आठवतं. आजचे पुष्कळ अभ्यासक म्हणतात की या कथा घटनेनंतर फार काळाने, पराभूत लोकांनी लिहिल्या. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोत उत्खनन केलं, तेव्हा यहोशवासमोर कोसळली म्हणतात ती, त्याचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काळातली तटबंदी तिथे मिळाली नाही.

मला सगळ्यात धीर देतं ते यहुदी धर्मगुरूंचं वाचन. शेवटी पुस्तक आधी त्यांचं. मूर्तिपूजक झालेलं अख्खं गाव नष्ट करा, असं त्याच तेराव्या अध्यायात आहे. तालमूद या त्यांच्या ग्रंथात त्यावर अशी चर्चा आहे की असं गाव कधी झालं नाही आणि होणारही नाही. मग लिहिलं कशाला? अभ्यास करा आणि त्याचं फळ मिळवा, म्हणून. कायदा पुस्तकातून न खोडता तो कधीच वापरता येऊ नये अशी त्यांनी तजवीज केली. त्यामुळे ‘अडचणीत आले की अर्थ बदलतात’ हे कुणी म्हटलं तर मी विचारते, या धर्मगुरूंवर कोणती अडचण आली होती? त्यांना भीती होती ती फक्त निरपराध माणूस मरेल याची.

बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटणारा धन्य, हे स्तोत्र १३७ चं वाक्यही काही संदेशांत असतं. यरुशलेम जाळून ज्यांना गुलाम म्हणून नेलं, त्यांचा तो आक्रोश आहे. तिथे देव बोलत नाही.

राहिले गुलाम. ‘दासांनो, आपल्या मालकांचं ऐका’ हे इफिसकरांस पत्रात आहे, आणि अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी ते मनापासून वापरलं. तिथले मेथडिस्ट, म्हणजे माझीच माणसं, १८४४ मध्ये गुलामगिरीवरून दुभंगले, बाप्टिस्ट १८४५ मध्ये. एका बाजूने इफिसचं पत्र, दुसऱ्या बाजूने निर्गम २१:१६, ज्यात माणूस चोरून विकणाऱ्याला मृत्युदंड आहे, आणि अनुवाद २३, ज्यात पळून आलेला दास मालकाला परत देऊ नका असं आहे. अर्थ बदलला गेला हे खरं आहे. तो बदलण्यासाठी गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांनी आपल्याच चर्चशी, आपल्याच भावांशी वैर घेतलं, यात सोय कुठे होती? सोय पाहणारे वेगळे होते. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून एक बायबल छापलं गेलं. त्यात मालकाचं ऐका हे ठेवलं होतं, आणि मोशे आपल्या लोकांना मिसरातून सोडवून नेतो तो भाग काढून टाकला होता.